नसेचा क्लास

पिंड मांडून बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. घाटावरच्या शेडच्या पत्र्यावर चांगली रांग लागली होती. मध्येच एखादा खाली उतरायचा, पिंडाजवळ दोन उड्या मारायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत वर जाऊन बसायचा. ऊन चढत होतं. गोदावरीला त्या वर्षी पाणी कमी होतं, पायऱ्यांखाली चिखल उघडा पडला होता. आणि आम्ही सगळे हात जोडून पत्र्याकडे बघत उभे होतो.

दहाव्याला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाचं मन मागे कशाततरी अडकलंय, असं आमच्याकडे मानतात. मग घरातले एकेक जण पुढे होतात आणि गेलेल्याला वचन देतात. ज्याच्या वचनावर कावळा शिवेल, त्यात त्याचं मन अडकलं होतं म्हणायचं.

माझे थोरले भाऊ अण्णा आधी पुढे झाले. "शकुंतला, दिनकरची काळजी करू नको. त्याचं जेवणखाण आमच्याकडे. आम्ही आहोत."

कावळे हलले नाहीत.

माझी मुलगी हर्षदा रडत पुढे आली. "आई, मी पप्पांना एकटं सोडणार नाही. दर महिन्याला नाशिकहून येईन."

काही नाही.

"पंधरा दिवसांनी म्हण," अण्णा हळूच म्हणाले.

"पंधरा दिवसांनी येईन गं आई."

मागे कोणीतरी हसू दाबलं. दुसऱ्या कोणाचं दहावं असतं तर मीही हसलो असतो.

मुळे गुरुजी माझ्याकडे वळले. "यजमान, तुम्ही बोला. तुमच्यातच अडकली असेल."

मी पुढे झालो. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. मी एसटीत कंडक्टर होतो. माझा आवाज गाडीच्या मागच्या सीटपर्यंत जायचा. त्या दिवशी तो नीट निघेना. मला द्यायला काही वचन नव्हतं. मला विचारायचं होतं.

"शकू," मी म्हणालो, "तू कशी गेलीस ते मला कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात शांत गेली. तू शांत गेलीस का?"

"असं नाही विचारायचं दिनू," अण्णा म्हणाले. "वचन द्यायचं असतं."

"मला विचारायचंय."

"शांत हो."

हा शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकला होता की कोणाच्या तोंडून निघाला की माझ्या कानशिलात रक्त चढायचं.

शकू घरात गेली नाही. दवाखान्यातही गेली नाही. ती नसेच्या क्लासमध्ये गेली.

नसेचा क्लास हे गावाने पाडलेलं नाव. बोर्डावर मोठं नाव होतं, त्यात व्हेगस नर्व्ह असे शब्द होते. हेमंत सर म्हणून पुण्याकडचा एक चाळिशीचा माणूस आमच्या गावात आला होता. बसस्टँडमागचं मंगल कार्यालय लग्न नसेल त्या दिवशी सकाळी भाड्याने घ्यायचा. मेंदूपासून मानेतून छातीत आणि छातीतून पोटात एक नस उतरते, तिला जागं केलं की काळजी, झोप, अपचन, रक्तदाब सगळं सुधारतं, असं तो सांगायचा. जागं कसं करायचं? श्वास लांब सोडायचा. तोंड मिटून घशात गुणगुणायचं. आणि शेवटी बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवायचा. शेजारच्या रत्नावहिनी आधीपासून जायच्या, त्यांनी शकूला नेलं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तिला बरं वाटलं. तिला झोप लागायला लागली. घरात कामं करताना गुणगुणायची. मी म्हणायचो, "माशी शिरली का गं घशात?" ती म्हणायची, "तुम्ही पण करा, म्हणजे पॅसेंजरवर ओरडायची सवय जाईल. रिटायर झालात, आता कोणाला ओरडता?" रात्री फ्रीजमध्ये बर्फाचे ट्रे लावून झोपायची आणि सकाळी तो बर्फ डब्यात घालून क्लासला न्यायची. प्रत्येकाने आपला टब आणि आपला बर्फ आणायचा असा तिथला नियम होता.

पण तिला जिना चढताना दम लागत होता. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना चक्कर आली. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, परत लावली आणि म्हणाले, झडपेचा आवाज वाटतोय, नाशिकला जाऊन सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करून या. मी नंबर लावला. जायच्या आदल्या दिवशी ती क्लासहून आली ती हसतच.

"सर म्हणाले, चक्कर येते म्हणजे नस जागी होतेय. ठोके संथ पडतायत. घाबरायचं नाही."

"सर डॉक्टर आहेत का?"

"बॅच संपली की जाऊ नाशिकला. एवढे पैसे भरलेत."

मी स्वतः जाऊन त्या माणसाला विचारलं होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, ताईंपेक्षा तुम्हालाच जास्त गरज आहे. तुमच्या आवाजातच केवढा स्ट्रेस आहे." आजूबाजूच्या बायका हसल्या. शकूही हसली.

मग एका सकाळी त्याचाच फोन आला. "काका, दवाखान्यात या. ताई शांत झाल्या." मी पोचलो तेव्हा ती स्ट्रेचरवर होती आणि तिचे पुढचे केस ओले होते.

तिला शेवटचं सजवताना बायकांनी हिरव्या बांगड्या आणल्या. सवाष्ण गेली होती, चुडा भरून पाठवायची रीत. तेव्हा हर्षदा मला आत बोलवायला आली. "पप्पा, आईच्या डाव्या हातात एकही बांगडी नाही. सगळ्या फुटल्यात. हाताची कड काळीनिळी झालीय."

मी बाहेर येऊन रत्नावहिनींना विचारलं. त्या पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "उचलताना फुटल्या असतील." हेमंत सरांना विचारलं. ते म्हणाले, "काका, मेडिटेशनमध्ये गेल्या. किती जणांना असं मरण येतं?" क्लासच्या बायका येऊन सांगून गेल्या, शांत गेली, पुण्यवान होती. उचलताना एका हातातल्या सगळ्या बांगड्या फुटतात आणि दुसऱ्या हातातली एकही फुटत नाही, हे मला पटत नव्हतं. पण मी विचारलं की लोक माझ्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे, मग म्हणायचे, शांत व्हा.

तर मी पत्र्याकडे बघत उभा होतो आणि वर रस्त्यावर एक गाडी थांबली. हेमंत सर उतरले. मागून क्लासची दहाबारा माणसं. सगळ्यांच्या अंगात क्लासचे आकाशी टीशर्ट. बायकांनी ते साडीवरच घातले होते. शकूचाही तसला एक घरी दोरीवर होता.

"यांना कोणी बोलावलं?" मी विचारलं.

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "दहाव्याला आलेल्या माणसाला हाकलायचं नसतं."

हेमंत सर पायऱ्या उतरून आले. पिंडाला नमस्कार केला. मग गुरुजींना म्हणाले, "आम्ही ताईंसाठी ग्रुप हमिंग करतो. पाचच मिनिटं. इथलं वातावरण शांत झालं की कावळा पण येईल. पक्ष्यांना आपला स्ट्रेस कळतो."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत ती माणसं डोळे मिटून ओळीत उभी राहिली आणि गुणगुणायला लागली. एवढ्या माणसांचा तोंड मिटून काढलेला आवाज तुम्ही ऐकलाय का? मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा. घाटाच्या भिंतीवरून तो परत यायला लागला.

पत्र्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. नदीवरून गेले आणि पलीकडच्या बाभळींत दिसेनासे झाले.

आवाज चालूच होता. त्यांचे डोळे मिटलेले, त्यांना दिसणार कसं?

"बंद करा!" मी ओरडलो. मागच्या सीटपर्यंत जाणारा तो माझा आवाज तेव्हा परत आला. "बंद करा ते! डोळे उघडा! गेले सगळे कावळे, बघा तरी!"

डोळे उघडले. कोणी पत्र्याकडे बघितलं, कोणी खाली.

"काका," हेमंत सर म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो. एक लांब श्वास..."

"एक शब्द बोलू नका."

"दिनू, शांत हो."

"अण्णा, तुम्ही पण एक शब्द बोलू नका."

आता पत्रा रिकामा होता. गुरुजींनी सूर्याकडे बघितलं, मग हातातल्या दर्भाकडे. त्यांना अजून एक विधी होता, माणसं वर झाडाखाली येऊन बसली होती. "यजमान, शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "कावळा नाही आला तर दर्भाचा करतात. मी करतो, तो पिंडाला लावला की झालं. तेही चालतं."

त्यांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. चोच केली. मला ते बघवेना.

"नको गुरुजी."

"अहो, सगळे करतात."

"करू देत. मला गवताचा कावळा नको. सगळं खोटंच सांगितलंय मला, निदान हे तरी खोटं नको. तुम्ही जा हवं तर. मी बसतो इथं. संध्याकाळ झाली तरी बसतो. आणि ही माणसं पण बसतील. त्या सकाळी तिच्यासोबत बसली होती ना, आता पण बसा."

मी ओल्या पायरीवर बसलो. हर्षदा माझ्याशेजारी बसली. कोणाला काय करावं कळेना. टीशर्टातल्या दोन बायका हळूच वर निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

तेव्हा रत्नावहिनी ओळीतून पुढे आल्या. त्यांनी आधी टीशर्ट काढला. साडीवर घातलेला होता, डोक्यातून काढताना अंबाड्याला अडकला, तो त्यांनी ओढून काढला आणि खाली टाकला. मग पिंडासमोर उभ्या राहिल्या.

"शकू," त्या म्हणाल्या, "मी सांगते. आज सांगते."

"रत्नाताई," हेमंत सर म्हणाले, "आत्ता नको. तुमची मनःस्थिती..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. पिंडाकडे बघूनच बोलत राहिल्या.

"ती माझ्या शेजारीच बसायची भावजी. त्या दिवशी टबात चेहरा बुडवला आणि वर काढला. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि गुणगुणायचं असतं. मी मिटले. मग मला टक टक ऐकू आलं. फरशीवर कोणीतरी हात आपटत होतं. बांगड्या वाजत होत्या. मी डोळे उघडले. शकू आडवी होती. तोंड असं उघडं, आवाज नव्हता. हात आपटत होती. मी म्हटलं, सर, शकूला काहीतरी होतंय. सर माइकमधून म्हणाले, डोळे मिटा. ताईंची नस मोकळी होतेय. साठलेलं बाहेर पडतंय. कोणी हात लावू नका, तिचं ध्यान तोडू नका. सगळे तिच्यासाठी जोरात."

टीशर्टातली माणसं खाली बघायला लागली.

"तसं आधी पण व्हायचं हो क्लासमध्ये. कोणी रडायचं, कोणी थरथरायचं. सर म्हणायचे सुटतंय, सुटू द्या. मग आम्ही जोरात गुणगुणायचो. नंतर ते माणूस उठून म्हणायचं, हलकं वाटलं. मला वाटलं तसंच असेल. तिने माझा पदर धरला. घट्ट धरला. मी... मी पदर तसाच राहू दिला आणि डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिटले. ती हात आपटत होती आणि आम्ही तिच्यावर आवाज काढत होतो. मग हात थांबला. सर म्हणाले, बघा, ताई किती शांत झाल्या."

हर्षदाने माझं मनगट धरलं होतं. ते इतकं घट्ट की मला शकूची पकड कशी असेल ते कळलं.

"कितीतरी वेळ आम्ही तशाच बसलो," रत्नावहिनी म्हणाल्या. "सत्र संपल्यावर मी पदर सोडवायला गेले, तर बोटं उघडेनात."

मी उठलो. हेमंत सर डोळे मिटून हात जोडून उभे होते. ओठ हलत होते. पुटपुटत होते की श्वास मोजत होते, कोणास ठाऊक. त्या वेळीही त्या माणसाने डोळे मिटले होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. अण्णा माझ्यामागे धावले, त्यांना वाटलं मी मारतो. माझ्या मनात होतंच.

"डोळे उघड," मी म्हणालो.

त्यांनी उघडले.

"तिकडे बघ. पिंडाकडे. तिच्याकडे बघितलं नाहीस ना? आता बघ. डोळे मिटायचे नाहीत. पापणी लवली तर याद राख."

"काका, मी मुद्दाम... मी डॉक्टर नाही..."

"क्लासमध्ये तर सगळं सांगत होतास. ठोके संथ पडतायत म्हणाला होतास. पडले ना संथ? बघ तिकडे!"

ते बघायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते गालावर आलं, पण पापणी मिटायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांच्या गळ्यातली शीर उडताना मला दिसत होती. हीच ती नस का, असं माझ्या मनात आलं. हिला आत्ता धरून दाबली तर?

अण्णांनी माझे दंड मागून धरले होते. सगळी माणसं आमच्या दोघांकडे बघत होती. गुरुजी हातातला दर्भाचा कावळा घेऊन "अहो, अहो" करत होते.

तेवढ्यात हेमंत सरांचा चेहरा बदलला. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हळूच म्हणाले, "शिवला."

"काय?"

"शिवला काका. आत्ता. एकच होता."

मी वळलो. पिंडाचा वरचा भाग फुटला होता. शितं दर्भावर सांडली होती. आणि एक कावळा चोचीत घास घेऊन नदीवरून पलीकडे चालला होता.

गुरुजी खाली वाकले, बघितलं, म्हणाले, "शिवला, शिवला. सुटली बाई." अण्णांनी माझे हात सोडले. बायका रडायला लागल्या. हर्षदा विचारायला लागली, "कोणी बघितलं? कधी आला?" कोणीही बघितलं नव्हतं. एवढी माणसं सकाळपासून त्याच्यासाठी ताटकळत उभी होती आणि तो आला तेव्हा एकाचीही नजर तिकडे नव्हती. फक्त त्या एका माणसाची होती, आणि तीही मी धमकावून लावलेली.

ते मला आजही सहन होत नाही. माझी बायको सुटली, तर ते त्याने बघितलं. मी बघितलं नाही.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही. आम्ही तक्रार दिली, रत्नावहिनींनी पोलिसांसमोर सगळं परत सांगितलं. त्यांच्या घरच्यांना ते आवडलं नाही, तरी सांगितलं. क्लासच्या बाकीच्यांना मात्र काही आठवेना. त्यांचे डोळे मिटलेले होते, असं त्यांनी लिहून दिलं, आणि ते खरंच होतं. केस रखडली. क्लास आमच्या गावातून उठला. दुसऱ्या गावात त्याचा बोर्ड लागल्याचं कोणीतरी सांगितलं, तेव्हा मी तिथं जाऊन मंगल कार्यालयाच्या मालकाला सगळं सांगून आलो. तिथूनही उठला. तिसरीकडे लागला तर तिथेही जाईन. एसटीचा पास आहे माझ्याकडे.

दहाव्याच्या दिवशी घरी आलो तेव्हा फ्रीजमध्ये शकूने शेवटच्या सकाळी क्लासला निघताना परत लावलेला बर्फ तसाच होता. इतके दिवस मी त्या कप्प्याला हात लावला नव्हता. ट्रे काढून मोरीत उपडे केले आणि तो पूर्ण वितळेपर्यंत तिथंच उभा राहिलो.

मध्यंतरी माझाही रक्तदाब वाढला. हर्षदाने नाशिकला तिच्या ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "काका, गोळी चुकवायची नाही. आणि रोज थोडा वेळ बसून श्वास लांब सोडत जा. छातीतून एक नस जाते, व्हेगस म्हणतात तिला. लांब श्वास सोडला की ठोके संथ होतात, बरं वाटतं."

हर्षदा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं मी टेबल उलटं करतो.

मी विचारलं, "म्हणजे ती नस खरी असते?"

"खरी असते की. पण ती जागी झाली म्हणून झडप दुरुस्त होत नाही," बाई म्हणाल्या. हर्षदाने त्यांना शकूचं सांगितलेलं असावं. "छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, की श्वास मोजत बसायचं नाही. उठून दवाखान्यात यायचं. आता करून दाखवा बघू. सावकाश सोडा. हां. डोळे मिटा."

मी श्वास सोडला.

"डोळे मिटा काका."

"नाही मिटत," मी म्हणालो.

त्यांनी परत सांगितलं नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी ओट्यावर बसतो आणि त्यांनी सांगितलं तसा श्वास लांब सोडतो. आकडा खाली आलाय. राग तेवढाच आहे, तो खाली यावा असं मला वाटतही नाही. समोर रत्नावहिनींचं दार असतं, रस्त्याने माणसं जातात, भिंतीवर कावळा येऊन बसतो.

मी सगळं बघत असतो.